‘पब्लिक व्ह्यू’चा अर्थ कोण शिकवणार?

जूचंद्रहून नायगाव स्टेशनकडे निघालेल्या आपल्या पोरांच्या हातात हल्ली इंग्रजी शब्दांच्या याद्या असतात. बँक असो, रेल्वे असो, ‘युबिक्विटस’, ‘पुसिलॅनिमस’ असले शब्द अर्थासह घोकायचे. जरूर घोकावेत. सावित्रीमाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. (मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हे न बोललेलेच बरे.)

परंतु विहारात या मुलांना मी एक साधा प्रश्न विचारला. ‘पब्लिक प्लेस’ आणि ‘पब्लिक व्ह्यू’ यांत फरक काय? पदवीधरसुद्धा म्हणाले, “सर, एकच की!”

एकच नाही, बाबांनो. याच शब्दावर अ‍ॅट्रॉसिटीचे खटले उभे राहतात आणि कोसळतात. कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) नुसार अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ ‘विदिन पब्लिक व्ह्यू’, म्हणजे लोकांच्या नजरेच्या टप्प्यात व्हावी लागते. जागा सार्वजनिक मालकीचीच हवी, असे नाही. स्वर्ण सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. घराचे फाटक खाजगी असले तरी ते लोकांच्या नजरेसमोर असते. घराच्या आत प्रकार घडला, पण तिथे नातलग-मित्रांखेरीज बाहेरची माणसे हजर असली, तरीही गुन्हा होतो. उलट हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली, चार भिंतींच्या आत बाहेरचे कुणी हजर नव्हते म्हणून त्या कलमापुरते आरोपपत्र रद्द झाले.

आता आपला माणूस फिर्याद द्यायला जातो तेव्हा काय होते? तो संतापलेला असतो. “घरी येऊन जातीवरून शिव्या दिल्या,” एवढेच सांगतो. दारात कोण उभे होते, समोरच्या ओटीवरून कुणी पाहिले, हे कागदावर येतच नाही. लिहून घेणारा कशाला विचारील? मग वर्षांनी कोर्टात विरोधी वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. अशा फिर्यादी मी हातात घेऊन हळहळलो आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ‘सोशल एंडॉस्मॉसिस’ हा शब्द वापरला. एंडॉस्मॉसिस म्हणजे पातळ पडद्यातून द्रव आत झिरपणे. हा शास्त्रातला शब्द समाजाला लावलेला त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या १९१६ च्या ग्रंथातही सापडतो. यादीतून पाठ केला असता तर परीक्षेत दोन मार्क मिळाले असते. बाबासाहेबांनी तो जातीच्या भिंतीवर चालवला!

तेव्हा रविवारी विहारातल्या फळ्यावर ‘इंटेन्शनली’, ‘ह्युमिलिएट’ आणि ‘विलफुली’ हे तीन शब्द असतील. यातला शेवटचा कलम ४ मधला, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला लागणारा. मुलांनी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रती आणाव्यात. डिक्शनरी मी आणतो.