सिनेटमधली मतं आणि सिल्लोडचं सोयाबीन

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छतावर एक परदेशी पुरुष रंगवलेला आहे, डोक्यावर टोपी, हातात प्याला. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी त्याला इराणचा बादशहा दुसरा खुस्रो ठरवलं. आजच्या बऱ्याच अभ्यासकांना ते मान्य नाही, कारण लेणं खुस्रोच्या आधीचं आहे. तरी इराणशी असलेलं हे नातं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्या दिवसांत इथल्या चहाच्या टपरीवर तरुणांचे दोन गट ऐकले. एक म्हणत होता, हल्ला उम्मतवर झाला. दुसरा म्हणत होता, ते शिया, आपण सुन्नी, आपल्याला काय? मला दोन्ही पटलं नाही. बॉम्ब पडायच्या कितीतरी आधी एक करार मोडला होता. तो मोडण्याची तयारी लोकप्रतिनिधींनी सभागृहात बसून, कायद्याच्या भाषेत केली होती. आणि त्या कायद्याचा धागा आपल्या शिवारापर्यंत येतो.

१ डिसेंबर २०११ ला अमेरिकी सिनेटने संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक दुरुस्ती घातली. इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचे मोठे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांना अमेरिकेचे दरवाजे बंद करण्याची ती तरतूद होती. मतं पडली १०० विरुद्ध ०. ओबामा सरकारला ती नको होती, पण एवढ्या मतांपुढे इलाज नव्हता. भारताचा डॉलरचा रस्ता अडला. मग २०१२ मध्ये तोडगा निघाला : तेलाच्या बिलातला ४५ टक्के भाग रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत जमा करायचा. त्या रुपयांतून इराण आपला बासमती, चहा, औषधं आणि सोयापेंड घेऊ लागला. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरते ती ही पेंड. म्हणजे निर्बंधांमुळेच आपल्याला एक गिऱ्हाईक मिळालं!

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात अणुकरार झाला. त्याआधीच मार्चमध्ये ४७ सिनेटरांनी थेट तेहरानला पत्र लिहून बजावलं होतं की पुढचा अध्यक्ष हा करार रद्द करू शकतो. मे महिन्यात सिनेटने ९८ विरुद्ध १ मतांनी कराराची छाननी स्वतःकडे घेतली. सप्टेंबरमध्ये करार फेटाळण्याचा ठराव पुरेशा मतांअभावी अडला, आणि ओबामांचे समर्थक खूश झाले. खरी मेख मात्र वेगळीच होती. निर्बंधांचे मूळ कायदे रद्द झालेच नव्हते. अध्यक्ष ठरावीक मुदतीने सही करून त्यांना फक्त स्थगिती देत होता. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सिनेटने इराण निर्बंध कायदा आणखी दहा वर्षं वाढवला, ९९ विरुद्ध ० मतांनी. ओबामांनी सही केली नाही, तरी तो लागू झाला. ८ मे २०१८ ला ट्रम्प बाहेर पडले तेव्हा नवा कायदा करण्याची गरजच उरली नव्हती.

मे २०१९ पासून भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. तेल नाही म्हणजे युको बँकेत नवे रुपये नाहीत, आणि रुपये नाहीत म्हणजे पेंडीला, तांदळाला, चहाला पैसे नाहीत. सोयाबीनचा भाव एवढ्याने ठरत नाही, खाद्यतेलाचं आयात शुल्क त्याहून मोठं कारण आहे. पण गिऱ्हाईक कुठे गेलं हे मोंढ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं? औषधांना निर्बंधांतून सूट आहे, कागदावर. बँका भीतीने व्यवहारच करत नाहीत, आणि तिकडे दुर्मीळ आजाराची मुलं मलमपट्टीविना राहतात.

इराणी राजवटीची वकिली मला करायची नाही. महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलींचं तिने काय केलं ते आपण पाहिलं. शिवाय तिथल्या मजलिसनेही डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून २० टक्के युरेनियम समृद्धीचा हुकूम दिला. रुहानी सरकारचा विरोध असतानाही. म्हणजे दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी आपापल्या सरकारच्या हातातली बोलणी काढून घेतली.

आपलं घर? भारताशी अणुसहकार्य करायला वाट मोकळी करणाऱ्या अमेरिकेच्या २००६ च्या हाइड कायद्यात, इराणला रोखण्यात भारताची पूर्ण साथ मिळवण्याचं धोरण लिहिलेलं होतं. त्यावर आपल्याकडे गंभीर चर्चा व्हायला हवी होती. २००८ मध्ये वाद झाला तो भलत्याच गोष्टीवर. माकपचे ज्येष्ठ कामगार नेते एम. के. पंधे, आपल्या सोलापूरशी नातं असलेले, म्हणाले की या करारामुळे मुसलमान नाराज होतील. पक्षाने हात झटकले, पण तोवर करार 'मुसलमानांचा प्रश्न' झाला होता. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपणही त्या भूमिकेत आनंदाने शिरलो.

आपल्या राज्यघटनेनुसार सरकारला परदेशी करारासाठी संसदेची मंजुरी लागत नाही. खासदाराच्या हाती उरतो प्रश्नोत्तराचा तास. अजिंठा सिल्लोड विधानसभा मतदारसंघात आणि सिल्लोड जालना लोकसभेत येतं. खासदारांना द्यायच्या प्रश्नाचा मसुदा मी तयार केला आहे. येत्या शुक्रवारी टपरीवर सह्या घेणार आहे, दोन्ही गटांच्या. मसुदा एवढाच : २०१९ नंतर महाराष्ट्रातून इराणला सोयापेंड, तांदूळ आणि केळी किती गेली, किती पैसे अडकले, आणि त्याची भरपाई कुणाकडे मागायची?