पालथ्या मडक्यातली पोपटी

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. तवा नाही, पळी नाही, तेलाचा थेंब नाही आणि पाण्याचाही नाही. भांडं आहे एकच, पण तेही उलटं! तरी पंचवीस माणसांचं जेवण शिजतं. सांगा पाहू, हा काय प्रकार?

अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या बाजूच्या मुलांनी उत्तर केव्हाच ओरडून सांगितलं असेल. पोपटी! बाकीच्यांना मात्र एखादा पक्षी आठवला असेल. नाही हं, पोपटी म्हणजे शेतात, जाळावर, मातीच्या मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. सोबत बटाटे, रताळी, अंडी आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी मसाला लावलेली कोंबडी.

आमच्याकडे भातकापणी झाली की त्याच शेतात वाल पेरतात. जमिनीत उरलेल्या ओलाव्यावरच तो वाढतो. थंडी पडली की शेंगा भरतात आणि नेमका तेव्हाच बांधावर, रस्त्याच्या कडेला भांबुर्डा माजतो. एरवी या झुडपाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण पोपटीच्या दिवशी त्याच्याशिवाय पान हलत नाही!

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौथीच्या मुलांची पोपटी केली. एका पालकांनी कापणी झालेलं शेत दिलं. आम्ही मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी. केळीच्या पानात गुंडाळलेल्या कोंबडीच्या पुड्या मधोमध ठेवल्या. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ. शेवटी तोंडाशी भांबुर्डा असा ठासून भरला, की मडकं पालथं केलं तरी एक शेंग बाहेर पडू नये.

इतक्यात एकाने विचारलं, "बाई, पाणी घालायचं राहिलं ना?"

"पाणी घालायचंच नाही."

"मग शिजणार कसं? सगळं करपेल!"

प्रश्न अगदी बरोबर होता. शाब्बास म्हणायला हवं त्याला. तुम्हीही विचार करा. पाणी घातलं नाही, पण मडक्यात पाणी नाही का? आहे की! शेंगेत आहे, बटाट्यात आहे, ओल्या पाल्यात आहे. बाहेर जाळ पेटला की आत त्याची वाफ होते. वाफ धावते वर. पण मडकं पालथं असल्यामुळे वर असतो त्याचा बंद बुडखा, आणि खालचं तोंड पाल्याने चोंदलेलं. वाफ अडकते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. बाहेर जाळ कितीही भडकू दे, आत ओलावा आहे तोवर शेंग करपत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला वाफेचा धडा आमच्या पणजीने वाचला नव्हता, पण तिला तो पाठ होता.

मडक्याभोवती पेंढा, गोवऱ्या आणि लाकडं रचून आम्ही जाळ केला. आणि मग सुरू झालं सगळ्यात कठीण काम. काय असेल ते? वाट पाहणं!

दहा मिनिटांत मुलं कुजबुजू लागली, "बाई, थोडंसं उघडून बघूया ना." मला हसू आलं. कारण त्यांच्याच वयाची असताना मी हेच केलं होतं. आजोबा लाकडं आणायला वळले, आणि मी नि माझ्या भावाने काठीने मडकं कलतं केलं. पाला सुटला, भस्सकन वाफ निघून गेली आणि शेंगा राखेत. भावाच्या मनगटावर वाफेने फोड आला तो वेगळाच. त्या रात्री सगळ्या घराने कच्च्या शेंगा टाकून दिल्या. अर्धवट शिजलेला वाल पोटाला बाधतो, म्हणून कोणी तोंडालाही लावला नाही. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, गेलेली वाफ परत मडक्यात भरता येत नाही." ते रागावले असते तर मी विसरले असते.

मग न उघडता कळायचं कसं? त्याची युक्ती आहे. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने मोठ्यांपैकी कोणीतरी दुरून मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतं. चर्र आवाज होऊन थेंब क्षणात उडाले आणि शेंगांचा खमंग वास सुटला, की समजायचं झालं. आमच्या मुलांनी तो चर्र आवाज ऐकला आणि सगळं शेत टाळ्यांनी दणाणलं. ज्याने पाण्याचं विचारलं होतं, त्यालाच पहिली शेंग दिली. सोलून पाहतो तर दाणा लोण्यासारखा मऊ!

अशी युक्ती फक्त आपल्यालाच सुचली असं समजू नका बरं. शेजारच्या गुजरातेत वलसाडकडे थंडीत असंच पालथं मडकं लावून 'उंबाडियुं' करतात. दूर न्यूझीलंडमधले माओरी लोक खड्ड्यात तापलेले दगड ठेवून, वरून माती लोटून 'हांगी' करतात. भाषा वेगळ्या, पण वाफ कोंडायची अक्कल तीच.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. पोपटी मोठ्यांच्या देखरेखीखालीच करायची. थंडीत गवत वाळलेलं असतं, म्हणून भोवतालचं सगळं साफ करा आणि पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा. रॉकेल ओतू नका. मुलांच्या अंगावर सुती कपडे असू द्या. मडकं उघडताना त्याचं तोंड माणसांकडे नको, वाफेचा चटका जाळापेक्षा कमी नसतो. मडकं नाही म्हणून रंगाचा रिकामा डबा तर मुळीच वापरू नका. भांबुर्डाही माहीतगाराकडूनच ओळखून घ्या. पान चुरगळलं की त्याचा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. आणि शेवटी राख पाण्याने पुरती विझवूनच घरी या.

मुलांनो, आमच्या गावाभोवती वालाची शेतं कमी होत चालली आहेत. जिथे मी शेंगा खुडल्या, तिथे आज कुंपणं आहेत. म्हणून या आठवड्याचा गृहपाठ असा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी शेतात, जाळावर काय शिजायचं? कोणता पाला वापरायचे?" उत्तर वहीत लिहा आणि जमलं तर तो पाला त्यांच्याबरोबर जाऊन पाहून या. विचारायला उशीर करू नका हं. वाट पाहायची ती फक्त मडकं उघडताना!