चार गोळ्या आणि पाचवी

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी इंग्लंडहून एक फोन येतो. तो माझ्या भाच्याचा असतो आणि त्याचा विषयही ठरलेला असतो : चकलीची भाजणी. आमच्या सौभाग्यवती ती फोनवरून सांगतात, भाचेबुवा लिहून घेतात, आणि चकल्या बिघडल्या की तिकडच्या दमट हवेला दोष देतात. यंदा मात्र फोन आला तो माझ्यासाठी.

"मामा, मी रायफलच्या वर्गात नाव घातलंय. लांब पल्ल्याची नेमबाजी. वर्ग अगदी नवशिक्यांचा आहे, पण शेवटच्या दिवशी हजार यार्डांवर गोळ्या झाडायच्या आहेत. तयारी काय करू?"

वाचकहो, मराठीच्या प्राध्यापकाला भाच्याने फार तर एखादा समास विचारावा. पण ताईच्या दिवाणखान्यात माझा एक फोटो टांगलेला आहे. अंगात एन.सी.सी.चा खाकी गणवेश, हातात पॉइंट टू-टू रायफल आणि चेहऱ्यावर पानिपत जिंकून आल्याचा भाव. भाच्याचे बालपण त्या फोटोखाली गेले. तेव्हा 'मला त्यातले काय कळते' असे म्हणण्याची सोय उरलेली नव्हती. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली, चाळिशी नाकावर चढवली आणि अभ्यासाला बसलो.

प्रथम पल्ल्याचा विचार. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते पन्नास मीटरवरच्या रायफलमध्ये. तिथे लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते; शर्टाच्या बटणाएवढे म्हणा ना. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. सकाळी फिरायला जाणाऱ्या गृहस्थाला तेवढे चालायला दहा-अकरा मिनिटे लागतील. गोळीला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. वाटेल की दीड सेकंदात काय होते? पुष्कळ होते! गोळी नळीतून सुटल्याक्षणी जमिनीकडे ओढली जाऊ लागते. शंभर यार्डांवर नेम बरोबर लावलेली रायफल तशीच हजार यार्डांवर रोखली, तर गोळी तीस-पस्तीस फूट खाली जाते. म्हणजे नेम तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा आणि गोळी तळमजल्याच्या दारात. शिवाय बाजूने ताशी दहा मैलांचा वारा असला, तर ती सात-आठ फूट बाजूला जाते. हा वारा काही वादळ नव्हे. दोरीवरचे धोतर हलवणारा, आपण ज्याला 'आज बरी हवा आहे' म्हणतो, तोच.

एवढे अंतर सावरायचे ते अंशांच्या हिशेबाने. एका अंशाचे साठ भाग केले की एकाला म्हणायचे मिनिट. हे घड्याळाचे नव्हे, कोनाचे मिनिट. एका मिनिटाचा फरक शंभर यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त, आणि हजार यार्डांवर साडेदहा इंच. दूरबिणीवरची चकती फिरवली की ती टिकटिक वाजते. बऱ्याच दूरबिणींत एक टिक म्हणजे पाव मिनिट. हजार यार्डांसाठी पस्तीस-चाळीस मिनिटे वर चढवावी लागतात. भाचेबुवा पुलांचे हिशेब करणारे इंजिनियर असल्यामुळे हे त्यांना एका दमात समजले. मला दोन रात्री लागल्या.

त्यांचा वर्ग भरणार आहे तो सरे परगण्यातील बिस्ली येथे. तिकडे नेमबाजांची ती पंढरीच. त्यांच्या राष्ट्रीय रायफल संस्थेचा पहिला मेळावा १८६० साली विम्बल्डनला झाला आणि १८९० पासून मुक्काम बिस्लीला हलला. तिथल्या एका मैदानावर बाराशे यार्डांपर्यंत नेमबाजी चालते. विम्बल्डनच्या त्या मेळाव्यात पहिली गोळी झाडली ती व्हिक्टोरिया राणीने, चारशे यार्डांवरून, आणि ती लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. राणीचा नेम असा अचूक कसा? तर रायफल आधीच एका घोडीवर पक्की बसवून, नेम लावून ठेवली होती. राणीसाहेबांनी चापाला बांधलेली रेशमी दोरी तेवढी ओढली.

मी भाच्याला म्हटले, "बाबा रे, तयारी म्हणजे काय ते या गोष्टीत आलं. चाप ओढण्याआधीच सगळं होऊन गेलेलं असतं. फक्त तुला घोडी मिळणार नाही. ती तुझ्या हाडांचीच करायची आहे."

आता घरी करायचे काय? रायफल वर्गातच मिळणार, तेव्हा घरात हत्याराचा प्रश्न नव्हता. मी सांगितले : सतरंजीवर पालथा पड, छत्री हाती घे, दांडा खांद्यात बसव. भिंतीवर एक ठिपका काढ आणि त्यावर नेम धर. मग डोळे मीट, दोनतीन श्वास घे आणि डोळे उघड. छत्री ठिपक्यावरून सरकलेली दिसली, तर ती हाताने ओढून ठिपक्यावर आणू नकोस. सगळे अंग थोडे सरकव. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत आपल्या जागी जातो. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी एक क्षण अंग आपोआप स्थिर असते, तेवढ्यात चाप दाबायचा. तोही झटक्याने नव्हे, सरळ मागे, बोटाच्या पेराने, इतका हळू की बार कधी झाला ते आपल्यालाही कळू नये. बार झाल्यावरही लगेच मान वर करून बघायचे नाही.

बाकीच्या गोष्टी बारीकसारीक. कानांवर रक्षक हवेतच. गळा उघडा राहील असा सदरा नको, कारण शेजारच्याचे तापलेले रिकामे काडतूस उडून आत जाते. दोन्ही तळहातांची लहानशी खिडकी करून दूरची वस्तू बघावी आणि आळीपाळीने डोळे मिटावेत, म्हणजे आपला कोणता डोळा धनी आणि कोणता चाकर ते समजते. आणि दिवसातून चार वेळा खिडकीबाहेर बघून वारा किती, कुठून, ते आधी मनाशी ठरवावे आणि मग हवामानखात्याचा आकडा बघावा. सूनबाईंनी मला नवरा सतरंजीवर छत्री घेऊन पडल्याचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते : 'मामा, यांना चकल्याच करू द्या.'

शेवटची गोष्ट वहीची. ही वही म्हणजे लांब पल्ल्याच्या नेमबाजाची गीता. तिच्यात प्रत्येक गोळीची नोंद करायची : तारीख, अंतर, उष्णतामान, वारा, दूरबीण किती टिक फिरवली ते. आजकाल हा हिशेब खिशातला फोनही करून देतो. पण वहीत एक रकाना असा असतो की जो कोणत्याही फोनला भरता येत नाही. बार होताच, गोळी कुठे लागली ते बघण्याआधी, आपणच लिहायचे : 'माझ्या मते ही अमुक ठिकाणी गेली.' चाप दाबताना खांदा दचकला असेल, डोळा मिटला असेल, तर ते आपल्याला ठाऊक असते. ते आधी लिहायचे. मग लक्ष्य बघायचे आणि खरी जागा शेजारच्या रकान्यात भरायची. दोन्ही रकाने जुळू लागले की माणूस नेमबाज होऊ लागला म्हणायचे.

यावर भाचेबुवांनी विचारले, "मामा, समज पाच गोळ्या झाडल्या. चार एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ, आणि पाचवी वीतभर दूर. तर दोष रायफलचा समजायचा की माझा?"

इंजिनियर माणसाचा प्रश्न. उत्तरही सरळ आहे. रायफलला धक्का लागून नेमाची खूण सरकली असेल, तर पाचही गोळ्या एकत्रच सरकतात. झुबका तसाच राहतो, फक्त जागा बदलतो. चार जागेवर आणि एकच भलतीकडे गेली, तर ती बहुधा माणसाची असते.

हे उत्तर माझ्या ओठांवर आले आणि मी थांबलो. "उद्या सांगतो," म्हणून फोन ठेवला.

कॉलेजात असताना आमची एन.सी.सी.ची निवड-चाचणी होती. संघात जागा थोड्या. माझ्या चार गोळ्या एकत्र पडल्या. पाचवीच्या वेळी मी दचकलो. मला त्याच क्षणी कळले होते. पण गुण वाचले गेले तेव्हा मी म्हणालो की रायफलला धक्का बसला असावा, ट्रकमधून ती अमक्याने उतरवली होती. हा अमका माझा जिवलग मित्र. कागद कोणी नीट पाहिला नाही, सगळ्यांना घाई होती. मला पुन्हा पाच गोळ्या मिळाल्या आणि हत्यार हलगर्जीपणाने हाताळले म्हणून मित्राचे नाव संघातून गेले. तो काही बोलला नाही. आम्ही स्पर्धेला निघालो त्या दिवशी तो एस.टी. स्टँडवर आला आणि माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या दिल्या. "आईनं माझ्यासाठी केल्या होत्या. तू ने," एवढेच म्हणाला. ताईच्या भिंतीवरचा फोटो त्या स्पर्धेतला आहे.

आज तो सांगलीला असतो. दर दिवाळीत आम्ही एकमेकांकडे फराळाला जातो. पंचवीसेक वर्षांत हा विषय निघालेला नाही.

त्या रात्री मी त्याला फोन केला. चार वाक्यांत सगळे सांगून टाकले. मास्तर असूनही पाचवे वाक्य सुचेना.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, तुझा कागद लक्ष्यावरून मीच काढून आणला होता. चार भोकं एकत्र आणि एक लांब. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग स्टँडवर बघितली." जरा थांबून तो म्हणाला, "आई मात्र बरेच दिवस विचारत होती, तुझ्या हातून असं झालंच कसं म्हणून. तिला काय सांगणार?"

त्याची आई जाऊन आता नऊ वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी भाच्याला उत्तर दिले. ते कुठून शिकलो तेही सांगितले. तो म्हणाला, "मामा, तो फोटो आईच्या भिंतीवर राहू दे ना?" मी म्हटले, राहू दे, पण खाली बसणाऱ्याला गोष्ट पुरी सांगत जा.

त्याचा वर्ग दिवाळीनंतरच्या शनिवारी आहे. वही घेतली आहे, रकाने आखले आहेत. आमचा मित्र पाडव्याला यायचा आहे. फराळाचे डबे भरून झाले आहेत. तरी मी सौभाग्यवतींना म्हटले आहे, चार दशम्याही करू. कणीक मी मळतो.