आधी कागद, मग तिकीट

रेल्वेचं सवलतीचं तिकीट मोबाईलवर काढायला बसलात आणि वैतागलात, तर त्यात तुमची चूक नाही. आजोबांचं वय ६६ टाकलं तरी भाडं पूर्णच दिसतं. सिकलसेलच्या पोरीचं नाव भरलं, पण आजार कुठे लिहायचा ते सापडत नाही. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रेल्वेच्या बहुतेक सवलती मोबाईलवर मिळतच नाहीत. त्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर कागद दाखवून मिळतात. म्हणून पैसे भरण्याआधी आपली सवलत कुठली आणि ती कुठे मिळते, एवढं ठरवा. निम्मा त्रास तिथेच वाचेल.

वय झालं म्हणून सवलत नाही

पूर्वी ६० वर्षांच्या पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या बायकांना ५० टक्के सूट होती. ती २० मार्च २०२० पासून बंद आहे.

गोंधळ होतो तो एसटीमुळे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. त्यामुळे रेल्वेतही तसंच असेल असं वाटतं. पण एसटी राज्याची आणि रेल्वे केंद्राची. दोन्हीचे नियम वेगळे.

'ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर पुढे पाठवू नका. आधी रेल्वेच्या १३९ या नंबरला फोन करून विचारा.

म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट मात्र अजून मिळते, ती म्हणजे खालचा बर्थ. ६० वर्षांचे पुरुष आणि ४५ वर्षांच्या बायका यांच्यासाठी वेगळा कोटा आहे. एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नावं घालू नका. तिकीट काढताना कोट्याच्या रकान्यात 'लोअर बर्थ, सीनियर सिटिझन' निवडा. पैसे वाचणार नाहीत, पण गुडघे वाचतील.

सवलत कोणाला आहे

दिव्यांग, काही ठरलेल्या आजारांचे पेशंट आणि विद्यार्थी यांना.

दिव्यांगांत चार प्रकार धरतात. पूर्ण अंध, बौद्धिक दिव्यांग, ऐकू आणि बोलू दोन्ही न येणारे, आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण रेल्वे सवलत देते ती या चारांनाच. एका पायाने अधू आहे, पण एकटा फिरतो, अशा माणसाला सरकारी दाखला असूनही रेल्वेची सवलत मिळत नाही. हे आधी कळलं, तर तलासरीहून डहाणूचा एक हेलपाटा वाचतो.

पेशंटमध्ये कॅन्सर, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टीबी, हृदयाचं ऑपरेशन, किडनी बदलणं किंवा डायलिसिस, सिकलसेल अशा आजारांचा समावेश आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट असते. सोबतच्या एकाला ७५ टक्के.

सिकलसेलचे पेशंट आपल्या पाड्यापाड्यांत आहेत. त्यांना ५० टक्के सूट आहे, पण ती स्लीपर, एसी चेअर कार, थर्ड एसी आणि सेकंड एसी या डब्यांसाठी. डहाणू-चर्चगेट लोकलच्या साध्या तिकिटाला ती लागू नाही. त्यामुळे लोकलने जाणार असाल, तर या सवलतीसाठी दिवस मोडू नका.

विद्यार्थ्यांना घरी येण्या-जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी साध्या दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये ५० टक्के सूट आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ७५ टक्के. बाहेरगावी हॉस्टेलला राहणाऱ्या किती आदिवासी मुलांना हे ठाऊक आहे? फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मागायचा. मुलांनी तो दिवाळीच्या गर्दीआधीच मागून ठेवावा.

सवलत मिळते ती मूळ भाड्यावर. रिझर्व्हेशन आणि सुपरफास्टचा आकार पूर्ण भरावा लागतो. त्यामुळे ७५ टक्के सूट असूनही रक्कम थोडी जास्त दिसली, तर खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका. आणि एका माणसाला एका वेळी एकच सवलत मिळते.

आता कामं क्रमाने करा

पहिलं काम कागदाचं. पेशंट असेल तर हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्या. केस पेपर चालत नाही. सिकलसेलचं कार्डही चालत नाही. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. नाव आधारवर आहे तसंच आहे का? कुठून कुठे जायचं ते लिहिलंय का? डॉक्टरांची सही, नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का? शिक्का नीट वाचता येतो का? शिक्का पुसट असेल तर तिथेच पुन्हा मारून घ्या. खिडकीवरून परत पाठवलं, तर तलासरीच्या माणसाचा दिवस बुडतो आणि रिक्षा-जीपचे पैसे जातात ते वेगळेच.

दुसरं काम स्टेशन ठरवण्याचं. तलासरीला रेल्वे नाही. उंबरगाव, संजाण, भिलाड किंवा डहाणू रोड गाठावं लागतं. लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी डहाणूला थांबत नाही. आपली गाडी कुठे थांबते ते आधी बघा, मगच तारीख ठरवा. मोबाईलवर नुसतं डहाणू नाही, 'डहाणू रोड' शोधा.

तिसरं काम वेळेचं. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. हॉस्पिटलची पुढची तारीख मिळाली की त्याच आठवड्यात तिकिटाचं बघा. तत्काळवर विसंबू नका. तत्काळच्या तिकिटाला सवलत नाही.

चौथं काम खिडकीवर. पेशंट आणि विद्यार्थी यांनी मूळ दाखला घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवरच जावं. परतीच्या तिकिटाला कुठला कागद लागेल तेही तिथेच विचारून घ्यावं. गाडीत बसल्यावर टीसीला दाखला दाखवून सवलत मिळत नाही.

दिव्यांगांना मात्र घरबसल्या तिकीट काढता येतं. त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं दिव्यांगजन कार्ड लागतं. त्याचा अर्ज रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर करता येतो. एकदा कार्ड झालं की तिकीट काढताना त्याचा नंबर टाकायचा. प्रवासात मूळ कार्ड जवळ हवंच. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका.

मोबाईलवर काढणार असाल तर

जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागते. साधं रिझर्व्हेशन उघडतं त्या पहिल्या दिवशीही जानेवारी २०२६ पासून ती दिवसभर लागते. ही पडताळणी घाईच्या दिवशी करू नका. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना ते आधी बघा. पाड्यावर रेंज नसेल, तर बाजाराच्या दिवशी गावात आलात की हे काम उरकून टाका.

लहान मुलांच्या तिकिटात पैसे हकनाक जातात. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्लीपरमध्ये 'बर्थ नको' निवडलं, तर अर्धं भाडं लागतं. बर्थ घेतला की पूर्ण. चेअर कार आणि बसायच्या रिझर्व्हेशन डब्यात मात्र अर्ध्या तिकिटाची सोय नाही.

पैसे कापले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी 'माय बुकिंग'मध्ये तिकीट आलंय का ते बघा. नसेल तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात आपोआप परत येतात. थोडे दिवस लागतात. व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा. आयआरसीटीसीचा मदतीचा नंबर १४६४६ आहे.

'तुमचं रिफंड अडकलंय, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर बंद करा. रिफंडसाठी ओटीपी लागत नाही. कुणी पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका. पैसे गेलेच, तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा.

मोबाईलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढू नका. विनातिकीट धरतात.

एजंटकडे जाताना

सगळ्यांनाच मोबाईल जमत नाही. वेरावळ-पोरबंदरला बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या आपल्या पोरांची तिकिटं बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी काढतं. त्यात लाज नाही, फक्त माणूस अधिकृत असावा.

अधिकृत एजंटला स्लीपरच्या तिकिटावर २० आणि एसीच्या तिकिटावर ४० रुपये सेवा आकार घेता येतो. तिकिटावर एजन्सीचं नाव छापलेलं असतं. ते नसेल आणि तिकीट कुणाच्या तरी खासगी खात्यातून काढलेलं असेल, तर सावध व्हा. असा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. धाड पडली, तर तिकीट रद्द होतं आणि पोर स्टेशनवर अडकतं. 'सवलत काढून देतो, वर एवढे द्या' म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. खिडकीवर सवलतीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

शिकलेल्यांना एक विनंती

घरात कॉलेजात जाणारं पोर असेल, तर त्याने शेजारच्या दोन घरांचं आधार आणि मोबाईल नंबर जुळतात का ते बघून द्यावं. आशाताई, शिक्षक, ग्रामपंचायतीत बसणारे, तुम्ही दाखल्याचा कोरा नमुना जवळ ठेवा. पेशंट हॉस्पिटलला निघाला की तो त्याच्या हातात द्या. सवलत सरकारने दिलेली आहे. ती मागायला संकोच करू नका, आणि शेजाऱ्याला माहीत नसेल तर आजच सांगा.