खपत नाही म्हणून दान?

दुकानात माल पडून राहिला की व्यापारी तो उतरत्या भावात काढतो. साड्या-चपलांच्या सेलमध्ये गिऱ्हाइकाचे काही बिघडत नाही. औषधांचे तसे नाही. मुदत संपत आलेल्या औषधाला बाजारात किंमत उरत नाही. मग ते ‘मोफत औषधवाटपा’त खपवण्याचा मोह होतो.

हे जगभर घडले आहे. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्यातील औषधांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लगेच वापरण्याजोगा होता. बोस्नियात १९९२ ते १९९६ या युद्धकाळात आलेली अंदाजे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली. अखेर १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियम सुचवला: दानाचे औषध त्या देशात पोहोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी.

मुदत जवळ आली म्हणजे औषध वाईट झाले, असे नव्हे. पाकिटावर फक्त महिना व वर्ष छापले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालते. पाच दिवसांचा कोर्स त्याआधी पुरा होत असेल तर खुशाल घ्यावा. पण रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि मुदत एकाच महिन्याची असली, तर पुढचे दोन महिने रोगी कशाच्या भरवशावर राहणार? गोळीचे विष होईलच असे नाही, पण तिचा गुण कमी झाला तर रक्तदाब आतल्या आत वाढत राहील आणि रोग्याला ‘मी औषध घेतो आहे’ असेच वाटेल. इन्सुलिन, हृदयविकारातील जिभेखालची गोळी आणि डोळ्यांचे थेंब यांबाबत तर मुळीच धोका पत्करू नये.

कायद्यानुसार मुदत संपलेला माल औषध दुकानदाराला विकता येत नाही. कंपनीकडे परत जाईपर्यंत तो वेगळा ठेवून खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहावे लागते. मुदत सरत आलेल्या मालाचीही वाट हीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. न खपलेल्या मालाचा तोटा कंपनीने सोसावा. तो गोरगरिबांच्या अंगावर ढकलू नये.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आधी डॉक्टरांकडून औषधांची यादी घ्यावी आणि तेवढीच औषधे मागवावीत. येईल ते घेऊ नये. रोग्यांनीही तारीख वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये. तारखेचा भाग कापलेली पट्टी मिळाली तर निःसंकोच परत करावी. औषध फुकट मिळाले, तरी तारीख विचारण्याचा आपला हक्क जात नाही.