पोटखराब्यातला ओढा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली



सातबाऱ्यावर पोटखराब्याची एक नोंद असते. पिकाखाली न येणारी जमीन तीत जाते. खडक, वगळ, ओढा, काठचं काटवन. लहानपणी मला वाटायचं, खराब म्हणजे बिघडलेली जमीन. वसमतच्या आसपास प्लॉटिंग करणाऱ्यांचाही तसाच समज असावा. मुरुमाचा पहिला टिप्पर रिकामा होतो तो तिथेच.

माझी हळद आसना नदीच्या खोऱ्यात, अशाच एका ओढ्याकाठी आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. पण मानांकनाने कंदकूज थांबत नाही. हळदीला पाणी लागतं, साचलेलं मात्र सोसत नाही. खालच्या अंगाला कोणीतरी ओढ्यात सिमेंटचे दोन पाइप टाकून वर भराव केला. आता मोठा पाऊस झाला की पाणी माझ्या सऱ्यांत दोन-दोन दिवस उभं राहतं.

नियम नाहीत असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नदी-नाल्यांपासून अंतर सोडायला सांगितलं आहे, निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. ही रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ती नदीला मिळते, आमच्या ओढ्याला कोण आखून देणार? उलट त्याच नियमावलीत एक सवलत आहे. ठळक काठ नसलेला लहान प्रवाह सखल जागेतून जात असेल, तर पाणी येण्या-जाण्याची ठिकाणं न बदलता तो त्याच जमिनीत वळवायला परवानगी मिळू शकते. काठ ठळक नसतात कारण तिथे पाणी ऐसपैस पसरतं. लव्हाळे, बेडूक, टिटव्या असतात ते त्याच पसरट जागेत. वळवलेला ओढा कागदावर ओढाच राहतो, जागेवर त्याचं गटार होतं.

साहेब, एकदा एप्रिलमध्ये ओढ्याकाठी या. मातीच्या उभ्या दरडीत मूठभर रुंदीची भोकं दिसतील. वेडे राघू तिथे बीळ कोरून अंडी घालतात. खंड्याचंही घर असंच. डोह आटला की पाणकासव चिखलात स्वतःला गाडून पावसाची वाट बघतं. आणि मृगाआधी उरकायचं म्हणून खोलीकरणाचा जेसीबी नेमका याच दिवसांत येतो. दरड तासली जाते, गाळाबरोबर कासवही ट्रॉलीत जातं. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीला. जेसीबीवाल्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

हरणांबद्दल मात्र मी गोडगोड बोलणार नाही. काळवीट आणि रोही हरभऱ्यात शिरले की मीही रात्री बॅटरी घेऊन ओरडत फिरतो. पण त्यांचा माळ मुरुमाच्या खाणीत आणि प्लॉटांत गेला, म्हणून ते माझ्या शिवारात येतात, हेही मला दिसतं. आता शक्तिपीठ महामार्ग यायचा आहे. मूळ आखणीनुसार बारा जिल्हे, सुमारे ८०० किलोमीटर. जमिनीच्या मोबदल्यावरून भांडण चालू आहे, ते चालेलच. मला विचारायचं आहे ते भरावाबद्दल. उंच भराव म्हणजे ओढ्यांवरचं आडवं धरणच. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी मोकळी वाट ठेवली, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. त्यासाठी लोकांना कोर्टात जावं लागलं, आणि तिथे वाघ होता. आमच्याकडे कासव आणि काळवीट आहेत. त्यांच्यासाठी कोर्टात कोण जाईल?

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पाणी गावात शिरलं, ते आपल्या कार्यालयाच्या दप्तरी असेलच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण असता, म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणी मोठी नाही. तालुक्यातल्या जुन्या गावनकाशांवर प्रत्येक ओढा काढलेला आहे. कोणत्याही ले-आउटची फाइल पुढे सरकण्याआधी तो नकाशा तिच्यावर ठेवून बघावा, आणि ओढा वळवण्याची परवानगी पावसाळ्यात जागा पाहिल्याशिवाय देऊ नये. उन्हाळ्यात पाहणी केली तर तिथे ओढा दिसतच नाही, दिसते ती रिकामी जागा. खोलीकरण दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीत संपवावं. एक काठ यंत्राने शिवू नये, दुसऱ्या काठाने गाळ काढता येतो. आम्ही बैलांच्या काळात तसाच काढत होतो. काटवन तोडायचं असेल तर निदान वन विभागाच्या माणसाने आधी एक फेरी मारावी.

माझ्या शेताच्या खालचे ते दोन पाइप आजही तसेच आहेत. येत्या पावसाळ्यात पाहणीला कोणी आलं तर चिखलातून चालावं लागेल, गमबूट घालून यायला सांगा.

आपला,
वसमत तालुक्यातील एक हळद उत्पादक