खोडदचे आकाश खुले, वर्गातले पुस्तक बंद

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण पसरली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती सार्वजनिक पैशातून उभारली. तेथे निरीक्षण घेणाऱ्या शास्त्रज्ञाचा आपल्या सामग्रीवर १८ महिन्यांपुरताच राखीव हक्क राहतो. त्यानंतर ती सामग्री जगातील कोणाही अभ्यासकाला खुली होते. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. संग्रहातील तीच सामग्री घेऊन ह्यूब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ती नव्या पद्धतीने तपासली आणि २०१७ साली सुमारे ९० टक्के आकाशाचे नकाशे व सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध केली, तीही सर्वांसाठी खुली. यात खोडदचे काही गेले नाही. लौकिक मात्र वाढला.

विज्ञानदिनी याच तबकड्या पाहायला शाळांची रीघ लागते. परंतु ही मुले ज्या पुस्तकातून शिकतात, त्याचा न्याय वेगळा आहे. पाठ्यपुस्तक मंडळ शासनानेच १९६७ साली स्थापिले. त्याची आठवीपर्यंतची पुस्तके सरकारी पैशाने मोफत वाटली जातात, संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात. तरीही आत छापलेले असते की, कोणताही भाग संचालकांच्या लेखी परवानगीवाचून उद्धृत करता येणार नाही. फुकट मिळणे निराळे आणि मुक्त असणे निराळे, हा भेद आपल्या शैक्षणिक चर्चेत फारसा कोणी करीत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर वाड्यांवर घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. तेथील शिक्षकाने नफातोट्याचे गणित हिरड्याच्या भावावर बेतले, बोलीतले शब्द घालून धडा नव्याने मांडला, तर तो शेजारच्या तालुक्यातील शाळांसाठी छापण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? १९५७ च्या कायद्यातील ५२ व्या कलमाने शिकविण्याच्या ओघात प्रत काढण्याची मुभा दिली आहे. बड्या विदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या दुकानावर भरलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ती उचलून धरली, हा विद्यार्थ्यांचा मोठाच विजय होय. तथापि ही सवलत प्रतीची आहे. पाठ बदलून इतरत्र वाटण्याची नव्हे.

खुला परवाना नेमके तेवढे देतो. मूळ कर्त्याचे नाव द्यावे, बदल केल्याचे नमूद करावे आणि नवी आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी, की नक्कल, अनुवाद, फेरफार सारे मोकळे. केंद्राच्या शैक्षणिक संसाधन भांडाराने २०१३ पासून हाच परवाना स्वीकारला आहे. तेव्हा ही कोणा स्वप्नाळूची कल्पना नव्हे.

खाजगी छापखाने मंडळाची विक्री बुडवतील, हा आक्षेप पोकळ नाही. पण व्यापारी वापर वगळणाराही परवाना उपलब्ध आहे, आणि पुस्तकातील चित्रांचे व उताऱ्यांचे हक्क इतरांकडे असतील तर तेवढे वेगळे दाखविता येतात. स्वतंत्र लेखकाच्या पोटाचा प्रश्न निराळा. त्याच्यावर सक्ती कोणी मागितलेली नाही. मंडळाला कायदा बदलावा लागत नाही. पुढच्या आवृत्तीत आतल्या पानावरचे एक वाक्य बदलावे लागते.